तिनं कोर्टात घेतलेलं नाव

बायको गेली त्याला वर्ष होत आलं. अजून रडू आलेलं नाही. तिची लुगडी सुनेनं वाटून टाकली, मी बघत बसलो. चौथी शिकलेल्या माणसानं काय लिहायचं, पण एक गोष्ट लिहून ठेवतो.

पन्नास सालानंतर मी अंधेरीच्या एका शाळेत शिपाई होतो. शनिवारी एक तरुण वकील यायचा, फुकट. सातवीच्या पोरांना कायदा शिकवायचा. टेबल पुढे ओढायचा, एकाला न्यायाधीश करायचा, एकाला चोर, आणि वर्गातच कोर्ट भरवायचा. पोरं खूष.

त्याच सुमाराला चाळीच्या मालकाला आमची खोली रिकामी हवी होती. मी शाळेत असताना भरदुपारी त्याच्या माणसानं छपरावरची कौलं उतरवली. बघणारी एकटी बायको. वकिलाला सांगितलं. तो म्हणाला, "केस मी चालवतो, पैसे नकोत. पण साक्षीला बाईंना उभं राहावं लागेल. शनिवारी वर्गात आणा, सवय होईल."

आणली. डोक्यावर पदर घेऊन फळ्याजवळ उभी राहिली.

"बाई, नवऱ्याचं नाव?" वकिलानं विचारलं.

तिनं पदर पुढे ओढला. आमच्यात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात.

"हे काय, दारात उभे आहेत ते."

पोरं हसली.

"कोर्टात दार दाखवून चालत नाही, बाई."

"मग तुम्हीच लिहा ना. तुम्हाला ठाऊक आहे."

एक पोरगी म्हणाली, "मावशी, उखाण्यात घ्या की."

उखाण्यात चालतं. तिनं घेतलं. "शाळेच्या घंटेचा पितळी टोल," पुढे माझं नाव, मग "यांचा शब्द लाखमोल." न्यायाधीश झालेला पोरगा म्हणाला, "मंजूर." वर्गानं बाकं बडवली. वकीलही हसला. आम्हाला वाटलं, जमलं. तिथंच चुकलं.

खऱ्या कोर्टात तिनं उखाणाच सुरू केला. मालकाच्या वकिलानं मधेच तोडलं. "साहेब, हिला नवऱ्याचं नाव सांगता येत नाही. ही त्या खोलीतली कशावरून?"

साहेब म्हणाले, "बाई, नुसतं नाव सांगा. नाहीतर तुमची साक्ष घेता येणार नाही."

आमचा वकील खाली बघायला लागला. मी म्हटलं, गेली खोली.

तिनं माझ्याकडे बघितलं. "घेऊ काय हो?" अख्ख्या कोर्टासमोर. साहेबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मी मान हलवली.

मग घेतलं. नुसतं नाव, पुढे राव नाही. कौलं कोणी काढली, शिडी कुठं लावली, सगळं न अडखळता सांगितलं.

खोली राहिली. मालकाला कौलं परत घालून द्यावी लागली. घरी येताना ती वाटेतल्या देवळात जाऊन आली. चेहरा पांढरा.

"तुम्हाला काही झालं तर?"

"काय व्हायचंय? चल, दळण आणायचंय."

त्या आठवड्यापासून तिनं माझ्यासाठी सोमवार धरले. पुढे शेवटच्या आजारातही सोडले नाहीत. डॉक्टर ओरडला, मी ओरडलो, "खा गं आता, मी आहे धडधाकट." नाही खाल्लं. पाणी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची.

अजून धडधाकटच आहे. सोमवारी सून विचारते, "बाबा, वाढू?" वाढ म्हणतो. जेवतो.