मंगळवार, चार वाजून बारा

भावाने अकोल्याच्या खोलीत स्वतः जोडलेलं मनगटी घड्याळ त्याच्या माघारी मी अमरावतीला आणलं. बाबांना ते हातात घालायचं होतं. पण जरा धक्का लागला की ते बंद पडायचं, आणि पुन्हा सुरू झालं की दर वेळी मंगळवार, चार वाजून बारापासून चालायचं. सेलची सैल पट्टी मी नव्याने सोल्डर केली. बंद पडणं थांबलं, पण सेल बदलला की पुन्हा मंगळवारच.

शेवटी त्याच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम उघडला. घड्याळ सुरू होताना त्याने प्रोग्रॅम भरल्याची वेळ, म्हणजे तो मंगळवार, लावणारी एक ओळ त्यात होती. ती एकदा वापरून काढायची असते; पुढे आतला वेगळा छोटा सेल वेळ सांभाळतो. तो विसरला होता. दुसऱ्याच दिवशी, बुधवारी, तो गेला. ओळ खोडली की घड्याळ बरोबर चालणार होतं, आणि तो मंगळवार त्यातून जाणार होता.

आठवडाभर मला ते जमलं नाही.

"काहून थांबला तू?" बाबांनी विचारलं.

मी सगळं सांगितलं. त्यांनी घड्याळ तसंच मनगटावर बांधलं.

"राहू दे. मले कोणती गाडी पकडाची आहे?"

आता सेल संपला की ते मला हाक मारतात. तो बदलताना आम्ही दोघं शेजारी बसतो.