माणसांची लिफ्ट वेगळी

नेकनूरला सरपंचांच्या मंगल कार्यालयाचं बांधकाम माझ्याकडे होतं. विटा-सिमेंट वर न्यायला लिफ्ट हवी होती, म्हणून बीडहून एक विक्रेता टेम्पोत मशीन घालून आला. ढेरपोट्या, तोंडात गुटखा. बोलताना मशीनला बैलासारखं थोपटायचा. "हिच्यावर हत्ती चढवा, हूं की चूं करनार न्हाई," म्हणाला.

जोडणी होताच सरपंच लिफ्टच्या उघड्या पाळण्यात उभे राहिले. आपल्या ड्रायव्हरला म्हणाले, "फोटो काढ बे!"

विक्रेता गुटखा थुंकला. "उतरा साहेब. ही मालाची हाय. तुमी पडलात तर पोटनिवडणूक लागंल."

मजूर खदखदले. सरपंच चिडून उतरले आणि विटा वाहणाऱ्या बाईकडे बोट करून म्हणाले, "मग हिला चढव!"

"हिच्यासाठी निवडणूक लागत न्हाई, म्हनून तर हिला आधी न्हाई म्हनतो. मानसं न्यायची तर बंद पिंजऱ्याची घ्या."

सरपंचांनी त्याला हाकललं. इतका थापाड्या माणूस ऐन विक्रीच्या वेळी खरं का बोलला, कोण जाणे. मी मात्र पिंजऱ्याच्या लिफ्टवर अडून बसलो.

ती लिफ्ट आली, तेव्हा पहिल्या खेपेला तीच बाई वर गेली. खाली सरपंच आपल्या पाळीची वाट बघत उभे होते.