रेवाचं मत राहून गेलं

भावाच्या घरून, अप्पर हटहून, आम्ही सकाळी साडेआठलाच समुद्रकाठचं दीपगृह पाहायला निघालो. घाई माझी होती. माझा धाकटा भाऊ नितीन म्हणत होता, "ताई, आज मतदान आहे. नऊला केंद्र उघडेल, मत देतो आणि निघू." मी ऐकतेय कुठली! पुण्यात आम्हा बँकवाल्यांचं मतदानाच्या सुट्टीला महाबळेश्वर ठरलेलं असायचं.

आदल्या दिवशी जेवताना त्याच्या लेकीने, रेवाने, मला तिथला कायदा समजावला होता. "आत्या, एनरोल करणं कम्पल्सरी आहे, व्होट करणं नाही. शेजारी ऑस्ट्रेलियात फाइन बसतो." तिला अठरा व्हायला तीन आठवडे कमी पडत होते. सोळाव्या वर्षी मत मिळावं म्हणून शाळेत सह्या गोळा करणारी पोर ती. नितीन तिथे बारा वर्षं राहतोय, पण मत एकदाही दिलेलं नाही. यंदा तिने त्याच्याकडून वचनच घेतलं होतं, ती सांगेल त्यालाच मत द्यायचं.

रेमुटाकाचा घाट उतरून फेदरस्टनला आलो, तर तिथल्या शाळेबाहेर मतदान केंद्राची नारिंगी पाटी. त्या देशात मत कुठल्याही केंद्रावर देता येतं. नितीनने गाडी हळू केली.

"पाच मिनिटं, ताई."

"येताना कर की. दंड थोडाच आहे?"

त्याने गाडी पुढे काढली.

पुढे न्गावी नावाचं कोळ्यांचं गाव लागलं. किनाऱ्यावर गंजलेले बुलडोझर उभे; होड्या पाण्यातून ओढायला तेच वापरतात. त्यापुढच्या खडकांवर सील आडवे पडले होते, जेवून सुस्तावलेल्या पाहुण्यांसारखे. वास मात्र विचारू नका, तरी त्यांचे फोटो काढण्यात माझी दुपार गेली. दीपगृहाच्या अडीचशे पायऱ्या मी धापा टाकत चढले, फोटो काढले, खाली उतरले. परत न्गावीत आलो, चहा घेतला, आणि लक्षात आलं की चष्मा वरच राहिला.

नितीनने गाडी वळवली, पुन्हा पायऱ्या चढला.

फेदरस्टनला सात वाजून दहा मिनिटं झाली होती. बाहेर लख्ख उजेड होता आणि एक बाई नारिंगी पाटी गुंडाळत होती. "किआ ओरा (नमस्कार)," ती म्हणाली. "सॉरी, सातला बंद झालं."

घरी रेवा दारातच होती. दिवसभर ती आपल्या शाळेतल्या केंद्राबाहेर पावात सॉसेज घालून विकत होती, वर्गाच्या सहलीसाठी. "बाबा, यू व्होटेड, राइट?"

नितीनने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "उशीर झाला गं. माझंच चुकलं."

मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी चष्मा पुसत बसले.

मी परत निघाले तेव्हा विमानतळावर रेवाने मला मिठी मारली. मी म्हटलं, "तुझ्या बाबाची चूक नव्हती, माझी होती."

"आय नो, आत्या," ती म्हणाली. "तुझे सीलचे फोटो पाहिले ना. टाइम दिसतो त्यावर." आवाजात राग नव्हता. असता तर बरं वाटलं असतं.

पुण्यात सगळे ते फोटो मागतात, छान आलेत म्हणतात. मी दाखवत नाही. इथली निवडणूक जवळ आली आहे, आणि महाबळेश्वरवाल्यांना मी कळवून टाकलं: मला धरू नका.