अर्ध्या पांगाऱ्याचे तात्या

“सरका, आत लई जागा हाय. दारात लोंबकळू नका.”

परसातून आवाज आला तेव्हा मी मागच्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. भोंगवलीतला माझा पहिलाच दिवस. बरीच माणसं आलेली दिसतात, असं वाटून मी आत वळले. माणसं असली की मी आत वळते. पण बाहेर एकटे तात्या होते. एक पाय आखूड झालेल्या खुर्चीत बसून वर बघत होते. वर पांगाऱ्याच्या वाळक्या खोडावर सोनेरी पाठीचा सुतार पक्षी चोच आपटत होता आणि त्याच्या खालून दोन खारी एकीमागून एक चढत होत्या. तात्या खारींशी बोलत होते.

तात्या म्हणजे माझ्या आईचे मामा. बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होते. भोर, नसरापूर, वेल्हे, परत भोर. आईच्या मामी गेल्यापासून एकटेच राहत. शिक्षण संपल्यावर तीन मुलाखतींत माझ्या तोंडून धड वाक्य निघालं नव्हतं, म्हणून आईने मला चार महिने त्यांच्याकडे धाडलं होतं. तात्यांनी मला काहीच विचारलं नाही. पहिल्याच संध्याकाळी माझ्यासाठी दुसरी खुर्ची आणून पांगाऱ्याकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, खिडकीची सीट हाय. बसा.”

नोकरी संपली होती, पण त्यांच्या लेखी गाडी चालूच होती. सुतार पक्ष्यांची जोडी कायमची प्रवासी. शिकारी शिक्रा येऊन आंब्यावर बसला की सुतार खोडाला चिकटूनच हळूच पलीकडच्या बाजूला सरके, आणि तात्या कुजबुजत, “चेकिंग आलं. बघा कसा बिनतिकिटावानी लपला.” साळुंक्यांवर मात्र त्यांचा राग होता. सुताराने दोन आठवडे खपून पोखरलेली ढोली साळुंकी एका सकाळीत बळकावते. तात्या म्हणत, “हिला रांग ठावं न्हाई. ही खिडकीतनं रुमाल टाकती.” खरोखरच एक साळुंकी चोचीत गवताची काडी घेऊन ढोलीभोवती घुटमळत असे.

धामण झाडावर चढायला लागली की ते विनोद करत नसत. उठून खोडावर काठी आपटत. सुतारांची किंचाळी, साळुंक्यांचा कलकलाट आणि काठीचा आवाज, एवढं झालं की धामण मुकाट्याने उतरे. तिच्या अंगावर काठी त्यांनी कधी उगारली नाही. “तिला बी पोट हाय,” ते म्हणत. “फकस्त हा तिचा स्टॉप न्हाई.”

आता पांगाऱ्याचं सांगायला हवं. तो तात्यांच्या आणि अण्णांच्या बांधावर उभा होता. बांधावरचं झाड दोघांचं निम्मं-निम्मं. दुसऱ्याने हो म्हटल्याशिवाय पहिल्याने त्याला कुऱ्हाड लावायची नाही, अशी गावाची रीत. अण्णा तात्यांचे चुलतभाऊ. बारा वर्षांपूर्वी मोजणीत बांध हातभर इकडे की तिकडे, यावरून दोघांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. पण शेजार म्हटला की निरोप असतातच. त्यावर त्यांनी तोडगा काढला होता. अण्णांना जे सांगायचं असेल ते आपल्या म्हशीला सांगत, आणि तात्या वर बघून सुताराला.

त्या वर्षी होळीच्या आधी अण्णांनी गोठ्यातून म्हशीला मोठ्याने सांगितलं, “मंगे, हे वाळकं लाकूड वळवाच्या वाऱ्यात तुज्या पाठीत बसायचं. पर काही लोकांना मानसांपरीस पाखरं प्यारी.”

तात्यांनी बराच वेळ वर पाहिलं. नव्या ढोलीचा भुसा खाली पडत होता. त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि सुताराला म्हणाले, “आखिती झाली की झाड पाडा म्हनावं. तवर तुजी पिल्लं उडत्यात.”

मंगीने शेपूट हलवली आणि व्यवहार ठरला. अक्षय तृतीयेपर्यंत मुदत. अण्णांचंही चुकत नव्हतं. एक फांदी खरंच त्यांच्या गोठ्याच्या पत्र्यावर आली होती.

होळीनंतर चार दिवसांनी मी माती खाल्ली. मला सुताराचा जवळून फोटो हवा होता. मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज असतात. मी परसाच्या दुसऱ्या टोकाला लिंबाच्या झाडाखाली बसून सुताराची हाक लावली. नर तीरासारखा आला. आपल्या हद्दीत दुसरा कोण घुसला, म्हणून लिंबाभोवती ओरडत फिरू लागला. पाठोपाठ मादी आली. फोटो सुंदर येत होते. मी हाक पुन्हा लावली, पुन्हा लावली, सकाळभर लावली. जोडी ढोलीकडे परतली तेव्हा आतून साळुंकीची पिवळी चोच बाहेर डोकावत होती. आत गवत भरून झालं होतं. पुढचे तीन दिवस सुतारांनी भांडून पाहिलं आणि सोडून दिलं.

तात्यांनी माझ्या हातातला मोबाईल पाहिला होता. मी जेवले नाही. त्यांनी ताट झाकून माझ्या दाराशी ठेवलं आणि बाहेरूनच म्हणाले, “गाडी चुकली म्हनून कुनी स्टँड सोडून जातं का? पुडची असती.” माझा उद्योग त्यांनी कुणालाही सांगितला नाही. सुतारालाही मोठ्याने सांगितला नाही, कारण ते पलीकडे ऐकू गेलं असतं.

पुढची गाडी आली. आठवड्याने जोडीने नवी ढोली पोखरायला घेतली, नेमकी गोठ्यावरच्या फांदीत. मला इतका आनंद झाला की मी आईला फोन करून सांगितलं. मग मी दिवस मोजले. ढोली पुरी व्हायची, अंडी घालायची, उबवायची, पिल्लांना पंख फुटायचे. आखितीच्या पुढे किमान दहा-बारा दिवस जात होते. तात्यांनी ते माझ्याआधी मोजलं होतं.

मी त्यांना विनवलं की मुदत वाढवून मागा. ते म्हणाले, “मॅडम, आखिती म्या सांगितली. टाइम एकदा सांगितला की सांगितला.” मी दोनदा विचारलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं. अण्णांनी ‘का’ विचारलं असतं तर खरं कारण सांगताना माझं नाव घ्यावं लागलं असतं. ते नाव तात्या घेणार नव्हते. आणि खोटं कारण त्यांना जमत नव्हतं.

आखितीनंतरच्या शनिवारी सकाळी लाकूड कापायचं मशीन घेऊन एक माणूस अण्णांकडे आला. फांदीतून पिल्लांचा आवाज येत होता, कढईत काहीतरी तळावं तसा. नर चोच भरून मुंग्या आणी, आत रिकामी करी आणि पुन्हा जाई. तात्यांनी आपली खुर्ची उचलली आणि पांगाऱ्याकडे पाठ करून मांडली. टोपी काढून मांडीवर ठेवली. ती पाठ मला बघवली नाही.

पुढचं आधीच सांगते. मशीन त्या दिवशी सुरू झालं नाही. अण्णांनी नेहमीप्रमाणे तोंड म्हशीकडे वळवलं, पण म्हशीला काय सांगावं ते त्यांना सुचेना. तेवढ्यात तात्या खुर्चीतून उठले आणि बारा वर्षांत पहिल्यांदा थेट भावाला म्हणाले, “फांदीची भीती असंल तर म्हस माज्या दारात बांद.” मंगी दोन आठवडे आमच्या परसात राहिली. धार काढायला अण्णा सकाळ-संध्याकाळ बांध ओलांडून येत, आणि माझ्या खिडकीच्या सीटवर बसून चहा घेत. तेराव्या दिवशी पहिलं पिल्लू उडालं, तिसरं संध्याकाळी. दोघं म्हातारे खाली उभे होते आणि अण्णा तात्यांना विचारत होते की यातला नर कोणता. त्यानंतर अण्णांनी गोठ्यावर आलेली फांदी तेवढी उतरवली, खोड ठेवलं. गेल्या पावसाळ्यात तात्या गेले तेव्हा पहिला खांदा अण्णांचा होता. पांगाऱ्याच्या खोडाखाली या वर्षीही ताजा भुसा पडतो आहे.

त्या शनिवारी मात्र यातलं काही झालेलं नव्हतं. मशीनवाला मशीन सुरू करायच्या दोरीला हात घालत होता. मी चप्पल न घालता बांधावर चढले. पलीकडे अण्णा, त्यांच्या घरची माणसं, मशीनवाला, सगळे माझ्याकडे बघू लागले. मागे तात्यांची खुर्ची कुरकुरली; ते वळले असावेत. मी म्हशीकडे पाहिलं नाही आणि झाडाकडेही पाहिलं नाही.

“अण्णा,” मी म्हणाले, “तात्यांचा हिशोब चुकला नव्हता. पहिलं घरटं माझ्यामुळे गेलं, मी मोबाईल वाजवला म्हणून. पंधरा दिवस मला द्या.”