पाणी झालं का?

कृष्णेचं पाणी उसाच्या खालोखाल कुणी जास्त प्यायलं असेल, तर ते माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी. हे मी चेष्टेनं म्हणत नाही. त्यांना पहाटे पाणी पिताना ज्यांनी पाहिलंय ते शपथेवर हेच सांगतील. झोपण्याआधी चिंचेनं घासून लख्ख केलेला तांब्या काठोकाठ भरून उशाशी ठेवायचा, त्यावर फुलपात्र पालथं घालायचं आणि पहाटे डोळे उघडले की चूळसुद्धा न भरता, उकिडवं बसून तो घोटघोट रिकामा करायचा, हा त्यांचा नेम. त्याचं शास्त्रही त्यांनीच बनवलेलं. उभ्यानं प्यायलेलं पाणी गुडघ्यात उतरतं. घटाघटा प्यायलेलं 'नुसतं आलं नि गेलं'. आणि आधी चूळ भरली तर रात्रभर तोंडात तयार झालेलं औषध थुंकून टाकल्यासारखं होतं. हे सगळं ते इतक्या ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याचा हात आपोआप गुडघ्याकडे जातो.

लग्नानंतर मी इस्लामपूरला त्यांच्या घरी पहिल्यांदा मुक्कामाला गेलो, तेव्हा झुंजूमुंजू व्हायच्या आत कुणीतरी माझं पांघरूण ओढलं. "पावणं, उठा. पाणी झालं का?" मला वाटलं, नळाला पाणी आलंय आणि भरायला माणूस कमी पडतोय. नव्या जावयानं नाही कसं म्हणायचं, म्हणून मी मुकाट्यानं बादली शोधू लागलो. मामांनी खांदा दाबून मला खाली बसवलं आणि हातात तांब्या दिला. "बादली ऱ्हाऊ द्या. बसून प्या. सावकाश. कुठं आग लागलीया?" आतून मामी म्हणाल्या, "प्या जावई, सुटका न्हाई. तांब्या पालथा झाल्याबिगर ह्या घरात चहाचं आधण चढत न्हाई. माझी उभी हयात गेली ह्यात." मी प्यालो. खोटं कशाला सांगू, माझी बद्धकोष्ठाची जुनी तक्रार त्या मुक्कामापासून बरीच कमी झाली. मामांचे बाकीचे दावे मात्र मी अजून तपासतोच आहे.

मामा लाल गाडीवर ड्रायव्हर होते आणि पहाटेची विट्याची पहिली गाडी त्यांच्याकडे असायची. एवढं पाणी पोटात घेऊन निघालेला माणूस थेट विट्याला कसा पोचणार? वाटेत एका माळावर जुनी बाभळ होती. तिच्यापाशी गाडी हटकून थांबायची, मामा उतरून पलीकडे जायचे आणि प्रसन्न चेहऱ्यानं परत यायचे. कंडक्टर तेवढ्यात तंबाखू मळून घ्यायचा. गाडी रोज थांबते म्हटल्यावर आसपासच्या वस्त्यांवरची माणसं बाभळीखाली येऊन उभी राहू लागली. दुधाच्या किटल्या आल्या, कॉलेजची पोरं आली, माहेरपणाला निघालेल्या लेकीसुना आल्या. पुढे मामा निवृत्त झाले आणि नवा ड्रायव्हर गाडी तशीच पुढे दामटू लागला, तेव्हा वस्तीवरच्या म्हाताऱ्यांनी डेपोत जाऊन भांडण काढलं, की आमचा स्टॉप का बंद केला म्हणून. आता तिथं पत्र्याची शेड आहे. तिच्यावरून जाताना मामा मला कोपरानं ढोसतात. "लोकांची केवढी सोय झाली बघा. कशानं? सकाळच्या पाण्यानं."

कुणाचं काहीही बिघडलं तरी मामांची चौकशी एकाच ठिकाणापासून सुरू होते. भावाभावांत बांधावरून मारामारी झाली, तर "पाणी पिऊन आलते का?" पोरगं परीक्षेत नापास झालं, तर "पेपरच्या सकाळी काय प्यालं हुतं?" तासगावचा एक बेदाण्याचा व्यापारी त्यांच्या ओळखीचा. भाव पडल्यामुळे बिचारा कपाळाला हात लावून बसला होता. मामांनी त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भावाचं काय, आज पडंल, उद्या चढंल. तुमी उठल्या उठल्या काय घेता?" तो म्हणाला, चहा. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, की भाव चहापायीच पडला, यात मलाही क्षणभर शंका उरली नाही.

आम्ही साताऱ्यात राहतो, म्हणून आम्ही सुटलो असं नाही. रोज पहाटे फोन वाजायचा. रामराम नाही, काही नाही.

"पाणी झालं का?"

"झालं, मामा."

"बसून?"

"बसून."

की फोन बंद. कित्येकदा मी अंथरुणात पडल्या पडल्याच हे सांगितलेलं आहे आणि बायकोनं शेजारून चिमटा काढलेला आहे.

हे वेड त्यांना लागलं कसं, ते एकदा मामींनी सांगितलं. मामांचं लहानपण पूर्वेकडच्या दुष्काळी गावात, बापाच्या मेंढरांमागं गेलं. उन्हाळ्यात आई वाटीनं पाणी द्यायची, तेही मेंढरांचं झाल्यावर. सकाळी उठल्या उठल्या पोरानं पाणी मागितलं की म्हणायची, "आत्ता नगं लेकरा, दुपारला लागंल." पुढे नोकरी लागून मामा इस्लामपूरला आले. खोलीबाहेर नळ होता. पहिल्याच सकाळी त्यांनी त्याखाली तांब्या धरला, तो भरून वाहू लागला, तरी कुणी ओरडलं नाही. मग तिथंच उकिडवं बसून त्यांनी तो रिकामा केला. "तवापासनं चालू हाय ह्यांचं," मामी म्हणाल्या. "मी बी मग बोलायचं सोडलं."

गेल्या वर्षी मामांच्या पायांना सूज येऊ लागली. जिना चढताना दम लागायला लागला. मामांनी निदान केलं, की पाणी कमी पडतंय. त्यांनी तांब्याचे दोन तांबे केले. सूज वाढली, तशी त्यांनी संध्याकाळचाही एक सुरू केला. शेवटी त्यांना आडवं झोपता येईना, तेव्हा मामींनी मला बोलावून घेतलं आणि आम्ही त्यांना सांगलीला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर वयानं लहान, पण समजावून सांगणारे होते. म्हणाले, "सकाळी पाणी पिणं वाईट नाही, धडधाकट माणसानं खुशाल प्यावं. पण तुमचं हृदय थकलंय. एवढं पाणी त्याला उपसत नाही, म्हणून ते पायांत आणि छातीत साठतंय. इथून पुढं दिवसभराचं पाणी मोजून. चहा, ताक, आमटी, सगळं त्यातच धरायचं."

मामा खाली मान घालून बसले होते. मग म्हणाले, "डाक्टर, मीठ बंद करा. चहा बंद करा. भाकरी अर्धी करा. सकाळचा तांब्या तेवढा ऱ्हाऊ द्या."

"तांब्या नको, आजोबा. जिवाशी खेळ होईल."

"आवं, ऐका की त्यांचं," मामी म्हणाल्या. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच त्यांच्या बाजूनं कुणीतरी बोललं होतं, पण त्यांचे डोळे भरून आले होते.

परत येताना कृष्णेच्या पुलावर मामांनी गाडीची काच खाली घेतली आणि पात्राकडे बघत राहिले. "बारका हुतो तवा आई मोजून द्यायची," ते म्हणाले. "आता ही देणार. मधली वर्सं तेवढी पोटभर झाली म्हणायची." मला फार वाईट वाटलं.

त्यानंतर पहाटेचा फोन बंद झाला. ज्या फोनला मी इतकी वर्षं शिव्या दिल्या, तो वाजत नाही म्हणून त्याच वेळेला मला जाग येऊ लागली. मामींना विचारलं, तर म्हणाल्या, "बोलत न्हाईत कुणाशी. तांब्या मातर अजून घासत्यात, भरून उशाशी ठेवत्यात. सकाळी उठून त्येच्याकडं बघत बसत्यात नि मग कढीपत्त्याला घालत्यात. कढीपत्ता लय माजलाय."

मग एका पहाटे फोन वाजला.

"पावणं, पाणी झालं का?"

"अजून नाही, मामा." या वेळी मी खरं सांगितलं.

"मग आत्ता प्या. फोन जवळ धरा. मला जरा ऐकू द्या."

मी स्वयंपाकघरात जाऊन तांब्या घेतला, फरशीवर उकिडवा बसलो आणि फोन गळ्याशी धरून पाणी प्यालो. सावकाश, घोटघोट, त्यांनी शिकवलं होतं तसं. बायकोही येऊन शेजारी बसली. पलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. मामा सोबत प्यायला बसल्यासारखे गप्प होते.

आता हे रोजचं झालंय. मामांची सूज उतरली आहे, जिनाही थांबत थांबत चढतात. त्यांचं पाणी मामी मोजून देतात, आणि माझं ते ऐकतात. ऐकू जावं म्हणून मी घोट थोडे मोठ्यानं घेतो. तांब्या खाली ठेवल्याचा आवाज झाला की ते विचारतात,

"पोटभर?"

"पोटभर, मामा."

आणि फोन बंद होतो.