‘आधी’चा व्हिडिओ

माझ्या मोबाइलमध्ये हात धुणाऱ्या पोरांचे फोटो आहेत, खिचडीच्या भरलेल्या पातेल्याचे आहेत, रिकाम्या पातेल्याचेही आहेत. आमच्या धंद्यात हल्ली शिकवलं की काम संपत नाही. शिकवल्याचा फोटो ग्रुपवर गेला की संपतं. एकदा गुणाकार शिकवताना मी इतका रंगलो, की फोटो काढायचाच राहिला. म्हणजे त्या दिवशी सरकारदरबारी मी काहीच शिकवलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच गुणाकार पुन्हा फळ्यावर लिहिला आणि त्याच्याकडे बोट दाखवत उभा राहिलो. मान जरा तिरपी आली, पण उपक्रम पूर्ण झाला.

हे सगळं मी हसत हसत करत होतो, हे कबूल करून टाकतो. संताप फार मागाहून आला.

पांढरकवड्याच्या पुढे, तेलंगणाकडे जाणाऱ्या हायवेला लागून आमची जिल्हा परिषदेची शाळा. तिसरीच्या वर्गात एका मेकॅनिकची मुलगी आहे. बापाचं ट्रकदुरुस्तीचं गॅरेज, घरी सगळं बोलणं हिंदी-उर्दूत. शाळा उघडली तेव्हा मराठीच्या पुस्तकापुढे ती नुसती बसून राही. दिवाळीपर्यंत झरझर वाचू लागली. यात माझं श्रेय थोडंच. गॅरेजसमोर थांबणाऱ्या प्रत्येक ट्रकवर जे लिहिलेलं असेल ते ती वाचून काढायची. तेलुगू अक्षरांचा ट्रक आला की चिडायची, "सर, याईले नीट लिवता येत नाही का?"

डिसेंबरात वरून आदेश आला. प्रत्येक वर्गातल्या एका मुलाचे वाचनाचे दोन व्हिडिओ पाठवा. एक ‘आधी’चा, वाचता येत नव्हतं तेव्हाचा, दुसरा ‘नंतर’चा. मुदत उद्या दुपारपर्यंत. नंतरचा सोपा होता. आधीचा कुठून आणू? वाचता येत नव्हतं तेव्हा मी तिला वाचायला शिकवत बसलो होतो, मूर्खासारखा.

केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"साहेब, आधीचा व्हिडिओ नाही माझ्याकडे."

"मंग काढा ना."

"आता तिला वाचता येतं."

"काय सर, नवीन लागले का नोकरीले? दोन मिनिटं विसराले सांगा तिले."

आणि मी सांगितलं. इथे माझी बाजू घेण्यासारखं काही नाही. तिला तो खेळ वाटला. "किती चुकू?" म्हणाली. भरपूर चूक, म्हटलं. नाटकाची हौस मला जुनी. ओठ चाव, डोकं खाजव, माझ्याकडे घाबरून बघ, असं सगळं दिग्दर्शन केलं. पहिल्या खेपेला ती चुकून अख्खी ओळ बरोबर वाचून गेली, म्हणून पुन्हा शूट केलं. वाचता येणाऱ्या मुलीला न वाचणं शिकवण्यात वीस मिनिटं गेली. मी तिला शाबासकीही दिली.

दोन्ही व्हिडिओ पाठवले. ‘नंतर’चा कुणी उघडलासुद्धा नाही. ‘आधी’चा मात्र कुणीतरी ग्रुपमधून बाहेर काढला, त्याला खिदळण्याचा आवाज जोडला, वर लिहिलं, ‘पाहा, झेडपीच्या शाळेत काय शिकवतात’. आठवड्यात तो गावातल्या पानठेल्यावर पोचला. खाली तिच्या नावावरून, घरच्या भाषेवरून लोकांनी जे लिहिलं, ते इथे उतरवायची माझी हिंमत नाही. आठ वर्षांची मुलगी! आणि हसणारे कोण? ज्यांना चार ओळींच्या वर काही आलं की अंगठ्याने पुढे ढकलायची सवय, ते. तिच्याइतकं एक पान सलग वाचून दाखवा म्हणावं एकेकाला.

मुलगी शाळेत येत राहिली, पण तोंड उघडेना. पुस्तक उघडं, ओठ मिटलेले. सव्वीस जानेवारीला गावासमोर संविधानाची उद्देशिका वाचायला मी तिलाच निवडलं होतं. ‘नाही’ म्हणून तिने मान हलवली. त्यात शाळा समितीचे अध्यक्ष आले.

"सर, दुसरं पोट्टं पाहा. पुऱ्या गावासमोर अडकली म्हंजे?"

"तिला उत्तम वाचता येतं हो."

"मंग व्हिडिओत काय तिची जुळी बहीण होती?"

गॅरेजवर गेलो. बापाने हातातला पाना खाली ठेवला नाही.

"गिऱ्हाईक येते, व्हिडिओ दाखवते, हासते," तो म्हणाला. "मी म्हणतो, मायी पोरगी वाचते. ते म्हणते, तिच्या गुरुजीनंच तं काढला, गुरुजी कायले खोटं दाखवीन? आता मी काय सांगू सर?"

"मी खोटं दाखवलं म्हणून सांगा."

"मी काहून सांगू? तुमी सांगा."

मुलगी बाजूला जुन्या टायरवर बसली होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "माइकवर सांगसान तं मी वाचीन."

सांगितलं. झेंडावंदन झाल्यावर, माइकवर, सगळ्यांसमोर. पंधरा ऑगस्टला अर्धा अर्धा तास बोलणाऱ्या माझ्या तोंडातून चार वाक्यं निघता निघेनात. तो व्हिडिओ खोटा आहे, हिला येतं, मीच तिला चुकायला लावलं, माफ करा. तोवर मैदानातले मोबाइल माझ्यावर रोखले गेले होते. मग ती पुढे आली आणि तिने वाचलं, शांतपणे, एकही शब्द न गाळता. ‘सार्वभौम’ येताना माझाच जीव वरखाली झाला, तिचा नाही. टाळ्या पडल्या, सगळ्यांत जोरात अध्यक्षांच्या.

माझ्या माफीचा व्हिडिओ संध्याकाळच्या आत कार्यालयात पोचला. दुसऱ्या दिवशी नोटीस: दिशाभूल का केली, याचा खुलासा करा. नोटीस घेऊन आले तेच, दोन मिनिटं विसराले सांगणारे. "माइकवर बोलाची काय गरज होती सर?" म्हणाले. मी सही करून नोटीस घेतली.

तिच्या वाचनाचा व्हिडिओ मात्र कुठेच दिसेना. गावाने माझी फजिती टिपली आणि ती वाचायला लागल्यावर मोबाइल खिशात घातले. फक्त बापाने तिचं वाचन काढलं होतं. मी लगेच गॅरेजवर पोचलो. म्हटलं, "मला पाठवा, ग्रुपवर टाकतो. लोकांना कळू द्या."

त्याने फडक्याला हात पुसून फोन बाहेर काढला, तो व्हिडिओ एकदा पाहिला.

"नाही सर," तो म्हणाला, आणि फोन खिशात टाकून ट्रकखाली शिरला.