काटेकाका

बाबांच्या कानाचं यंत्र दुरुस्त करणारं दुकान जेवणासाठी दीड वाजता बंद होतं. आम्ही पोचलो एक चाळीसला. दारावरच्या पाटीप्रमाणे ते आता चारला उघडणार होतं. ऊन असं तापलं होतं की रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाबा तेव्हा एकोणऐंशीचे. जन्मभर त्यांनी चष्म्याचं दुकान चालवलं, आणि लोकांचे डोळे सांभाळता सांभाळता आपले कान गेले, असं ते भेटेल त्याला सांगत. यंत्राशिवाय त्यांच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या रस्त्याला ऐकवायचं. म्हणून मी काही न बोलता त्यांचा हात धरला आणि जिकडून जरा वारा येत होता तिकडे चालायला लागले.

दोन गोदामांच्या मधून एक बोळ जात होती. ती संपली आणि एकदम समोर पाणीच आलं. धक्क्याच्या टोकाला एक लांबलचक पत्र्याची शेड होती. कधीकाळी तिथे होड्या दुरुस्त होत असणार, कारण जमिनीतले दोन गंजके रूळ थेट पाण्यात उतरत होते. आता तिथे सात टेबलं मांडलेली होती आणि एकाचं दुसऱ्याशी नातं नव्हतं. एक तर चक्क दोन पिंपांवर आडवं टाकलेलं दार होतं, कडीसकट. नावाची पाटी कुठेच नाही. खांबाला टांगलेल्या फळ्यावर खडूने लिहिलं होतं, ‘आज जे आलं ते.’ लसूण तेलात पडल्याचा वास आला आणि माझे पाय आपोआप आत वळले.

आत एक ठेंगण्या, घामाघूम बाई चुलीपाशी होत्या. सगळे त्यांना काकू म्हणत होते, मीही म्हटलं. बांगडा आहे, कोळंबी आहे, आणि एक बारीक काट्यांचा मासा आहे, पण चवीला त्याच्यासारखा दुसरा नाही, असं त्यांनी सांगितलं. मी माझ्यासाठी तो मासा मागितला आणि बाबांसाठी नुसता भात आणि अंडं.

“त्यांना का नाही?” काकूंनी विचारलं.

मी सांगितलं. चार वर्षांपूर्वी बाबांच्या घशात काटा अडकला होता. डॉक्टरांनी चिमट्याने काढला, पण तेव्हापासून त्यांनी माशाचं नाव टाकलं. दिसतं कमी, हात थरथरतो, आणि काटे दुसऱ्याकडून काढून घ्यायची लाज. काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग मागच्या दाराकडे तोंड करून म्हणाल्या, “अहो, एक ताट आहे.”

मागून एक उंच, काटक माणूस आला. त्याने नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले, स्वच्छ फडक्याला पुसले, खुर्चीची पाठ चाचपली आणि बाबांच्या शेजारी बसला. तेव्हा मला त्याचे डोळे दिसले. दोन्ही बुबुळांवर साय धरल्यासारखं झालं होतं. मी घाबरून काकूंकडे बघितलं. त्या शांतपणे भात वाढत होत्या.

त्याने ताटातला मासा बोटांनी हुडकला. अंगठा डोक्यामागून शेपटीपर्यंत एकदा अलगद फिरवला, मग परत येताना जरा दाबला, आणि वही उघडावी तसा मासा उघडला. मधला कणा एका ओढीत अख्खा बाहेर आला. मग बोटांची टोकं माशावरून फिरायला लागली आणि केसासारखे काटे एकेक करून ताटाच्या कडेला येऊन पडले. मला तर त्यातले निम्मे दिसलेही नव्हते. शेवटी त्याने ताट बाबांपुढे सरकवलं आणि म्हणाला, “आता निर्धास्त खा.”

बाबांना ऐकू आलं नव्हतं, पण कळलं. त्यांनी मान डोलावली. ती त्या माणसाला दिसली नाही. दोघंही उत्तराची वाट बघत बसले, आणि शेवटी मला मध्ये पडून एकाला ओरडून आणि दुसऱ्याला हळू सांगावं लागलं. मग बाबा जेवले. चार वर्षांची भूक एका बैठकीत काढायची असल्यासारखे जेवले, आणि बोटं चाटून आणखी एक मागितला.

आसपासचे लोक त्या माणसाला काटेकाका म्हणत. त्यांची हकीकत मला काकूंनी पुढे तुकड्यातुकड्याने सांगितली, कधी कोळंबी सोलताना, कधी भांडी विसळताना.

काका मूळचे होड्यांचे सुतार. सोळाव्या वर्षापासून याच शेडमध्ये त्यांनी रंधा मारला होता. फळी कुठे कुजलीय हे ते बघून नाही, हात फिरवून सांगत. आम्ही तिथे गेलो त्याच्या नऊ वर्षं आधी एका होडीखाली उताणे पडून ते जुना रंग काढत होते. रंग उतरवायच्या तेजाबी औषधाचा डबा कलंडला आणि ते दोन्ही डोळ्यांत गेलं. इस्पितळात सांगितलं, डोळे भाजलेत, आता काही होणार नाही. काका घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले ते दीड वर्ष. हत्यारं लोकांना वाटून टाकली. शेड रिकामी पडली, तेव्हा काकूंनीच तिथे चूल मांडली आणि धक्क्यावरच्या मजुरांना जेवण करून घालायला लागल्या. काका तिथे पाऊल ठेवायला तयार नव्हते.

एके सकाळी काकू घसरल्या आणि त्यांचं उजवं मनगट सुजलं. तासाभरात वीस माणसं जेवायला येणार आणि मासळी तशीच पडलेली. त्यांनी घमेलं उचलून घेतलं, घरी आल्या आणि ते काकांच्या पुढ्यात ठेवलं.

“तुम्हाला दिसत नाही, मला हात हलवता येत नाही,” त्या म्हणाल्या. “दोघांचा मिळून एक माणूस होतो का बघू.”

काकांनी दोनदा बोट कापून घेतलं, शिव्या दिल्या, पण काम सोडलं नाही. तिसऱ्या चौथ्या माशाला ते थांबले. कणा, त्याला दोन्ही बाजूंनी फासळ्या, हे त्यांच्या हाताला ओळखीचं होतं. होडीही तशीच बांधतात. त्या दिवसापासून ते शेडमध्ये यायला लागले. आधी एका म्हाताऱ्या हमालाला काटे काढून दिले, मग लहान मुलांना, आणि पुढे पुढे लोक त्यासाठीच लांबून यायला लागले.

तर त्या पहिल्या दिवशी. दुसरा मासा संपवून बाबा काकांच्या तोंडाकडे टक लावून बघत बसले. माणूस दिसला की आधी त्याचे डोळे बघायचे ही त्यांची जुनी खोड. खिशात एक छोटी टॉर्च कायम असते. मी अडवायच्या आत ते उठले आणि बाजूने काकांच्या डोळ्यावर उजेड मारला.

“डावीकडून लावलीत,” काका दचकून म्हणाले.

बाबांना ऐकू आलं नाही, पण काकांची मान उजेडाकडे वळलेली त्यांनी बघितली. ते मोठ्याने म्हणाले की याची फक्त पुढची काच खराब झालीय, मागचं यंत्र चालू आहे, आणि हल्ली काच बदलून मिळते. सगळी शेड जेवायची थांबली. काका उठून मागे निघून गेले. कुणी ऐकलं नसेल असं वाटून बाबांनी तेच आणखी मोठ्याने सांगितलं. मला जमीन फाटली तर बरं असं झालं होतं. काकू मात्र डाव हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

बाबांचं यंत्र त्या दिवशी चारनंतर दुरुस्त झालं. त्यानंतर आम्ही दर आठवड्याला शेडमध्ये जायला लागलो. बाबांना मासा हवा असे, निदान सांगत तरी तसंच. काका काटे काढून देत, पण डोळ्यांचा विषय निघाला की उठत. एकदा मी एकटी त्यांच्याजवळ बसले होते, तेव्हा ते आपण होऊन बोलले. “नऊ वर्षं लागली मला याची सवय व्हायला. पुन्हा आशा लावून घ्यायची ताकद नाही माझ्यात.”

मी हे बाबांना सांगितलं. ते वाद घालतील असं वाटलं होतं, पण ते उठून खिशातली टॉर्च पुसत बसले. पुढच्या खेपेला, जेवण झाल्यावर, त्यांनी काकांच्या मनगटावर हात ठेवला.

“चाळीस वर्षं चष्मे विकले मी,” बाबा म्हणाले. “एकही खोटं सांगून विकला नाही. दिसेलच असं मी म्हणत नाही. तपासून घ्या, एवढंच.”

काका बराच वेळ टेबलाची कड चाचपत राहिले. मग म्हणाले, “तुम्ही बरोबर येणार?”

बाबा बरोबर गेले. उजव्या डोळ्याला आशा आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पण कुणीतरी मरताना दिलेला डोळा मिळायला हवा होता. अकरा महिने काही नाही. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला आणि काकू चुलीवरचं सगळं तसंच टाकून काकांना घेऊन गेल्या.

दिसायला लागलं ते एकदम नाही. आधी उजेड, मग आकार, मग रंग. ज्या दिवशी चेहरे दिसले त्या दिवशी आम्ही तिथेच होतो. काकांनी काकूंकडे खूप वेळ बघितलं.

“केस कधी पिकले तुझे?”

“मधल्या काळात. तुम्ही विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.”

एवढं बोलून त्या लगबगीने चूल बारीक करायला गेल्या. चूल पेटलेलीच नव्हती.

मला वाटलं होतं की आता सगळं सोपं होईल. झालं उलटंच. काका मासा उघडायला बसले की डोळा एक सांगे आणि बोटं दुसरंच. एका मुलीच्या घासात काटा राहिला. ती नुसती खोकली, पाणी प्यायली आणि पुन्हा खायला लागली, पण काकांचा चेहरा पांढराफटक पडला. ते बाहेर जाऊन रुळांवर बसले. आम्ही कुणीच मागे गेलो नाही. अर्ध्या तासाने ते आत आले, हात धुतले, पुढचं ताट ओढलं आणि डोळे मिटून घेतले. अजून ते डोळे मिटूनच काटे काढतात. नव्या माणसाला वाटतं, बिचारे आंधळे आहेत. मग ते डोळे उघडून विचारतात, “भात आणू का?”

दुपारी गिऱ्हाईक ओसरलं की हल्ली ते लहान होड्या बांधतात. एका डोळ्याने अंतराचा अंदाज येत नाही, म्हणून फळी सरळ बसलीय की नाही ते सांगायचं काम बाबांकडे आहे. त्यावरून दोघांचं रोज वाजतं. बाबा म्हणतात तिरकी, काका म्हणतात तुमचा चष्मा तिरका. ऐंशी ओलांडलेला माणूस भुशाने माखून घरी येतो आणि गादीवर पडल्या पडल्या झोपतो.

गेल्या महिन्यात पहिली होडी पाण्यात उतरवली. तरंगली. डावीकडून थोडं पाणी घेते. काकू बसायला आधी तयारच होईनात. शेवटी बसल्या, पण भाताचं मोठं पातेलं मांडीवर घेऊन. धक्क्यावरून कुणीतरी विचारलं, जेवण घेऊन निघालात की काय. काकूंनी पातेलं उलटं करून दाखवलं, रिकामं होतं, आणि त्या पाणी उपसायला लागल्या.